साडेचारच्या खाली

१८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या बायका कितीतरी जास्त असत. तिथे भरती होऊ नये म्हणून गरोदर बायका हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आलं. पुढे १८७९ मध्ये पॅरिसच्या अकादमीत लुई पाश्चरने फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखवले आणि गुन्हेगाराला चेहरा मिळाला.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीची असते. तिच्यामुळे वैद्यकाच्या मनात एक समीकरण पक्कं बसलं: जंतू बाहेरून येतो, तो दिसला की मारायचा. त्या समीकरणाने लाखो बायकांचे जीव वाचवले, यात शंका नाही. पण आल्बर्ट डोडर्लाइन नावाच्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाला त्याच बाळंतज्वराचा शोध घेताना एक उलटा प्रश्न पडला. त्या काळातल्या अस्वच्छतेत सगळ्याच बाळंतिणी का मरत नाहीत? बऱ्याचशा टिकतात, त्या कशाच्या जोरावर?

उत्तरासाठी त्याने आजारी बायका सोडून निरोगी गरोदर बायकांच्या योनिमार्गातला स्राव तपासला. तो निर्जंतुक असेल अशी अपेक्षा असती तर निराशाच झाली असती, कारण तिथे काड्यांसारख्या लांबट जिवाणूंची दाटी होती. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करत होते. शेजारी रोगकारक स्टॅफिलोकॉकस वाढवायचा प्रयत्न केला, तर तो या आम्लात तग धरेना. १८९२ मध्ये लाइपझिगला त्याचा ग्रंथ छापून आला आणि त्या काड्यांना डोडर्लाइनचे जिवाणू असं नाव पडलं. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो.

म्हणजे स्त्रीच्या प्रजननमार्गात जिवाणू असणं हीच निरोगी स्थिती आहे, हे कळून सव्वाशे वर्षं उलटून गेली. तरीही औषधाच्या दुकानात, जाहिरातीत आणि बऱ्याचदा डॉक्टरांच्या चिठ्ठीतही अजून सेमेलवाइसचाच धडा चालू आहे, डोडर्लाइनचा नाही.

आता ही व्यवस्था चालते कशी, ते पाहू. सूत्रं इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या हाती आहेत. मुलगी वयात आली की इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठू लागतं. ग्लायकोजेन म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. या पेशी सतत गळत असतात. त्यांतलं ग्लायकोजेन शरीराचंच अमायलेज नावाचं विकर फोडतं, लहान शर्करा मोकळ्या होतात, लॅक्टोबॅसिलस त्या खातात आणि लॅक्टिक आम्ल टाकतात. योनिमार्गाचा पीएच साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान येतो. साधारण आपल्या दह्याइतका आंबट. दूध विरजल्यावर ते इतर जंतूंच्या हाती लागत नाही, त्यामागचं रसायनही हेच. बाई खायला घालते, जिवाणू राखण करतात.

इस्ट्रोजेन नसेल तर हे सगळं कोलमडतं. वयात न आलेल्या मुलींत योनिमार्गाचा पीएच सातच्या जवळ असतो आणि लॅक्टोबॅसिलस फारसे नसतात. पाळी गेल्यानंतर ग्लायकोजेन आटतं, काड्या कमी होतात, आणि मग पन्नाशी-साठीतल्या बायकांना वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होऊ लागतो. घरोघरी हे दिसतं. आजी-आईला दर दोन-तीन महिन्यांनी लघवीची जळजळ, दर वेळी नवं अँटिबायोटिक, आणि 'वय झालं आता' हे उत्तर. १९९३ मध्ये राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी अशा ९३ बायकांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना योनिमार्गात लावायचं इस्ट्रिऑलचं, म्हणजे एका प्रकारच्या इस्ट्रोजेनचं, मलम दिलं, बाकीच्यांना बिनऔषधी मलम. बिनऔषधी गटात वर्षाला सरासरी सहाच्या जवळपास संसर्ग झाले, इस्ट्रिऑलच्या गटात अर्धा. महिन्याभरात इस्ट्रिऑलवाल्या ६१ टक्के बायकांत लॅक्टोबॅसिलस परत आले होते, दुसऱ्या गटात एकीतही नाही. यात एकही जंतू थेट मारलेला नाही. नुसतं खाणं पुन्हा सुरू केलं, रखवालदार आपोआप परतले. तीस वर्षांहून जुना हा पुरावा. तरी आपल्या ओळखीतल्या किती बायकांना हे मलम कोणी सुचवलं, याची चौकशी वाचकांनी घरी करून पाहावी.

माणसाची मादी यात एकटीच आहे, हेही नवल. माकडं, वानर, गायी-म्हशी, उंदीर यांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलसचं असं राज्य नसतं आणि पीएचही बराच वर असतो. माणसातच हे का घडलं, यावर तर्क पुष्कळ आहेत. शेती आल्यावर आहारात पिष्ट वाढलं म्हणून, किंवा आपलं बाळंतपण इतर प्राण्यांपेक्षा अवघड आणि जखमा करणारं म्हणून. पुरावा कुठल्याच तर्काकडे पुरेसा नाही.

हे राज्य उलथतं तेव्हा काय होतं? अंगावरून पातळ, राखाडी-पांढरं पाणी जातं, त्याला मासळीसारखा वास येतो. खाज किंवा आग बहुधा नसते. निम्म्या बायकांना तर काहीच जाणवत नाही. याचं वैद्यकीय नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस. जगभरात पाळीच्या वयातल्या साधारण चारांतल्या एका बाईला हा त्रास असतो. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज, हे निराळं प्रकरण. ते कॅन्डिडा या बुरशीचं काम. बुरशीला आंबटपणाचं वावडं नाही, त्यामुळे तिच्या संसर्गात पीएच बहुधा नेहमीसारखाच राहतो. दोन्हींना सरसकट 'इन्फेक्शन' म्हणून एकाच गोळीवर निभावून न्यायची पद्धत आहे, म्हणून हा फरक इथे सांगितला.

व्हजायनोसिसचं निदान बघण्यासारखं असतं. डॉक्टर स्रावाचा थेंब पीएचच्या पट्टीवर टेकवतात, रंग साडेचारच्या पुढे जातो का बघतात. दुसरा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. काठावरचा अंदाज असेल तर त्या क्षणी खात्री होते, कारण खोलीत मासळीबाजाराचा वास सुटतो. हा वास खरोखरच मासळीचा आहे. ट्रायमिथिलअमाइन हे रसायन शिळ्या माशात असतं तेच इथेही असतं आणि माध्यम अल्कधर्मी झालं की ते वायू होऊन उडतं. वीर्य अल्कधर्मी असतं, म्हणून संबंधांनंतर वास वाढल्याची तक्रार बायका करतात ती अगदी शास्त्रशुद्ध असते. मग सूक्ष्मदर्शक. निरोगी पेशी स्वच्छ कडेच्या, चपट्या, पापडासारख्या पसरलेल्या दिसतात, भोवती काड्या विखुरलेल्या. व्हजायनोसिसमध्ये पेशीवर बारीक जिवाणूंचा असा थर बसलेला असतो की तिची कडच दिसत नाही, सगळी पेशी रवाळ, धुरकट होते. रिचर्ड ॲमसेल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या चार खुणा मांडल्या: स्रावाचं रूप, पीएच, वास आणि ही धुरकट पेशी. चारांतल्या तीन जुळल्या की निदान पक्कं. महागडं यंत्र यात कुठेच लागत नाही.

हे बारीक जिवाणू कोण, याचा शोध मात्र भलत्या वाटेने गेला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी जाहीर केलं की हा एका विशिष्ट जंतूचा रोग आहे. सिद्ध करण्यासाठी त्यांनी निरोगी बायकांच्या योनिमार्गात तो जंतू घातला. आज कुठलीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला दारातही उभं करणार नाही. शुद्ध जंतू घातलेल्या १३ बायकांपैकी एकीलाच आजार झाला. पण आजारी बाईचा सगळा स्राव जसाच्या तसा घातला तेव्हा १५ पैकी ११ जणी आजारी पडल्या. त्यांच्याच आकड्यांत उत्तर लिहिलेलं होतं: एकट्यादुकट्या जंतूचं हे काम नाही, सगळी टोळी लागते. पण पाश्चरच्या फळ्यावरचं चित्र इतकं ठसलेलं होतं की बरीच वर्षं लोक एकच आरोपी धरून बसले. जंतूचं नावही पुढे दोनदा बदलून १९८० मध्ये गार्डनरेला झालं. आज आपल्याला माहीत आहे की गार्डनरेला अस्तरावर चिकट थर बांधते आणि त्या थरात इतर डझनभर जाती मुक्काम ठोकतात. गोळ्यांनी वरवरचे मरतात, थर शिल्लक राहतो. म्हणूनच मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर महिनाभर बरं वाटतं आणि वर्षभरात निम्म्याहून अधिक बायकांत तोच त्रास पुन्हा उभा राहतो.

मोठी उलथापालथ झाली ती जिवाणू वाढवून पाहण्याऐवजी त्यांचा जनुकीय क्रम वाचता येऊ लागल्यावर. प्रयोगशाळेच्या बशीत न वाढणारे जिवाणूही आता मोजता येऊ लागले. मेरिलँड विद्यापीठातले जाक रावेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या, काहीही तक्रार नसलेल्या ३९६ बायकांचे नमुने असे वाचले. पाच प्रकारच्या वसाहती सापडल्या. चारांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचा वरचष्मा होता: क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स आणि जेन्सेनी. पाचव्या प्रकारात लॅक्टोबॅसिलस नाममात्र, बाकी मिसळ. ही मिसळ २७ टक्के बायकांत होती आणि त्या बायका ठणठणीत होत्या.

त्याहून अडचणीची गोष्ट पुढे होती. गोऱ्या बायकांपैकी सुमारे ९० टक्के आणि आशियाई वंशाच्या ८० टक्के बायकांत लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक बायकांत ते ६० टक्क्यांच्या आसपास होतं, त्यांचा पीएचही सरासरीने वर होता. गॅसेरीचं राज्य असलेल्या वसाहतींत तर पीएच पाचच्या घरात निघाला. मग साडेचारची रेघ कोणासाठी आखलेली आहे? गोऱ्या बाईचं शरीर हा नमुना धरून बाकीच्यांना आजारी ठरवायचं का? की गरिबी, ताण, आहार, उपचारांची उपलब्धता यांतल्या फरकाचाच हा ठसा आहे? मला वाटतं, दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, आणि तंदुरुस्त बाईला फक्त अहवालावरून औषध देऊ नये इतकं तर यातून नक्की निघतं. रावेल यांच्याच गटाने नंतर ३२ बायकांचे नमुने आठवड्यातून दोनदा असे १६ आठवडे घेतले. काहींची वसाहत महिनोन्‌महिने स्थिर, काहींची पाळीबरोबर दोन-चार दिवसांत पालटणारी. एका दिवशीच्या नमुन्यावर 'तुमचा मायक्रोबायोम अहवाल' विकणाऱ्या कंपन्या हे सांगत नाहीत.

चार राज्यकर्त्यांत इनर्सबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तो डोडर्लाइनच्या नजरेतून निसटला, कारण लॅक्टोबॅसिलससाठी वापरतात त्या नेहमीच्या माध्यमात तो वाढतच नाही. १९९९ मध्ये त्याचं नाव पुस्तकात चढलं. नात्याने तो सज्जन घरातला, पण वागणं काठावरचं. संरक्षक समजलं जाणारं डी-लॅक्टिक आम्ल तो बनवत नाही, उलट पेशींना भोकं पाडणारं एक विष बनवतो. व्हजायनोसिस आला तरी तो जागा सोडत नाही, बरा झाला की आधी तोच दिसतो. क्रिस्पॅटस मात्र एकदा रुजला की बस्तान बसवून राहतो. सगळ्यांना हवा असतो तो हाच.

हे सगळं फक्त वासाचं आणि गैरसोयीचं प्रकरण असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. व्हजायनोसिस असलेल्या बाईला एचआयव्हीसह लैंगिक संसर्ग लागण्याची शक्यता वाढते, आणि गरोदरपणात तो असेल तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची. याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. तिथे टेनोफोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची जेल एचआयव्हीपासून संरक्षणासाठी बायकांना देऊन पाहिली होती. निकाल मध्यम आला आणि सगळ्यांनी गृहीत धरलं की बायकांनी ती नीट वापरली नसणार. २०१७ मध्ये जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की लॅक्टोबॅसिलसचं राज्य असलेल्या बायकांत जेलने संसर्ग ६१ टक्क्यांनी कमी केला होता. मिसळ वसाहतीच्या बायकांत फक्त १८ टक्के, म्हणजे जवळपास नाहीच. गार्डनरेला औषध आत शिरण्याआधीच खाऊन टाकत होती. दोष बायकांच्या शिस्तीवर गेला होता, चोर निराळाच निघाला.

पण इथेच एक इशाराही आहे. व्हजायनोसिसमुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती होते, तर गरोदरपणात तो शोधून अँटिबायोटिक दिलं की प्रश्न सुटला, असं कोणालाही वाटेल. फ्रान्समध्ये हजारो गरोदर बायकांवर हे करून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला: क्लिंडामायसिनने अकाली प्रसूती कमी झाली नाही. जंतू मारला म्हणजे वसाहत सुधारली असं होत नाही.

आपल्याकडे येऊ. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, सरासरी दर बाईमागे साडेतीनांहून अधिक, आणि त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, इतकाच सरकारचा आणि जगाचा हिशेब होता. या एका लेखाने तो मोडला. बंगांनी पुढे हेही नोंदवलं की अंगावरून पांढरं जाणं हा बायकांच्या लेखी गंभीर आजार आहे, त्याने अंगातली ताकद निघून जाते असं त्या मानतात. कंबर दुखते, चक्कर येते, कामाला हात उचलत नाही, या सगळ्याचं मूळ त्या धुपणीत शोधतात.

या समजुतीला हसणं सोपं आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हसण्याऐवजी मोजलं. उत्तर गोव्यातल्या हळदोण्याच्या आसपासच्या सुमारे अडीच हजार बायकांना त्यांनी तक्रारी विचारल्या, नमुनेही तपासले. तक्रार आणि जंतुसंसर्ग यांचा मेळ बसला तो अगदी ढिला. पांढरं जाण्याच्या तक्रारीशी जास्त घट्ट जुळलेल्या गोष्टी होत्या नैराश्य, चिंता आणि कारण न सापडणारी अंगदुखी. कारण विचारल्यावर ताण, अंगातली उष्णता आणि संसर्ग ही तिन्ही उत्तरं जवळपास सारख्याच बायकांनी दिली. ताणाचं नाव घेणाऱ्या बायका डॉक्टरांपेक्षा दोन पावलं पुढे होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

आता याच्या शेजारी सरकारी दवाखान्यातली हिरवी किट ठेवा. प्रयोगशाळा नसेल तिथे लक्षणावरून उपचार करायचे, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात औषधांची रंगीत पाकिटं ठरवून दिली आहेत. पांढरं जातं म्हणणाऱ्या बाईला हिरवं पाकीट: सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, एकाच वेळी घ्यायचं. व्हजायनोसिस असो, ट्रायकोमोनास हा परजीवी असो की बुरशी, सगळ्यांना एका झटक्यात. ज्या उपकेंद्रात सूक्ष्मदर्शक नाही तिथे याहून शहाणपणाचं काही सुचवणं कठीण, हे मी मान्य करतो. पण जिचा स्राव पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि जी खरं तर झोप लागत नाही म्हणून आली आहे, तिलाही हेच पाकीट मिळतं. दिवसाला एक ते चार मिलिलिटर स्राव होणं, तो पाळीच्या मध्याला वाढणं, कपड्यावर वाळून पिवळसर दिसणं, हे चालू असलेल्या इस्ट्रोजेनचं लक्षण आहे. हे तिला कोणी सांगत नाही. सांगायला पाच मिनिटं लागतात आणि ती ओपीडीत नसतात.

शहरातल्या बाईची कथा वेगळ्या दुकानात घडते. तिच्यासाठी गुलाबी बाटलीतला 'इंटिमेट वॉश' आहे, 'पीएच संतुलन राखतो' अशा ओळीसकट. बाहेरच्या भागावरची त्वचा साध्या पाण्याने धुतली की पुरतं. आतल्या मार्गाला धुण्याची गरजच नाही. अमेरिकेत आतून धुण्याची, म्हणजे डूशिंगची चाल फार जुनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे लायसोलसारख्या जंतुनाशकाची जाहिरात 'स्त्रीच्या स्वच्छते'साठी केली जाई. डूश घेणाऱ्या बायकांत व्हजायनोसिस आणि ओटीपोटातली सूज जास्त आढळते, हे नंतर पुन्हा पुन्हा दिसलं. ती चाल आपल्याकडे त्या प्रमाणात कधी नव्हती. जाहिरात ती आणू पाहते आहे, एवढंच.

दह्याबद्दल विचारणारे हमखास असतात. दही खा, जरूर खा. पण दह्यातल्या जाती दुधावर जगणाऱ्या, क्रिस्पॅटस त्यांत नसतो. योनिमार्गात घातलं तर त्या तिथे वस्ती करत नाहीत. क्रिस्पॅटसच घालून पाहिला तर? २०२० मध्ये अमेरिकेतल्या २२८ बायकांपैकी काहींना मेट्रोनिडॅझोलनंतर क्रिस्पॅटसची भुकटी योनिमार्गात काही आठवडे दिली, बाकीच्यांना बिनऔषधी भुकटी. बारा आठवड्यांत पुन्हा त्रास झाला तो भुकटीच्या गटात ३० टक्क्यांना, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. जेरुसलेममध्ये तर निरोगी बाईचा सगळा स्रावच आजारी बाईला दिला. पाच जणी होत्या, कशानेच बऱ्या न होणाऱ्या. चौघींना दीर्घकाळ आराम पडला. गार्डनर आणि ड्यूक्स यांचाच प्रयोग, दिशा फक्त उलटी.

योनिमार्गाच्या वर, गर्भाशयात काय चाललंय, यावर सध्या गाजावाजा फार आहे आणि हात आखडून लिहावं असं मला वाटतं. स्पेनमधल्या एका छोट्या अभ्यासात गर्भाशयात लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्या बायकांत टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार जास्त यशस्वी झाले. बायका फक्त ३५ होत्या. तेवढ्यावर वंध्यत्व केंद्रांच्या यादीत एक महागडी तपासणी वाढली. गर्भाशयाचा नमुना योनिमार्गातूनच काढावा लागतो, वाटेतले जिवाणू चिकटणारच. वारेतही जिवाणूंची वसाहत असते, असा दावा २०१४ मध्ये गाजला. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने पाचशेहून अधिक वारा काटेकोरपणे तपासल्या आणि दाखवलं की तिथे सापडणारे बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेले असतात. नागोयातल्या संशोधकांचं काम मला जास्त आश्वासक वाटतं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या गाठी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असलेल्या ६४ टक्के बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात त्यांना फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू आढळला, तो आजार नसलेल्यांत दहा टक्क्यांहून कमी जणींत. उंदरांत अँटिबायोटिकने गाठी कमी झाल्या. माणसांत तसं होतं का, हे ठरायचं आहे, तोवर कोणी स्वतःहून गोळ्या सुरू करू नयेत.

शेवटी पुरुषांकडे वळू. व्हजायनोसिस वारंवार का परततो, या प्रश्नात नवरा संशयित म्हणून कितीतरी वर्षं उभा होता. त्याला गोळ्या देऊन पाहिल्या, बायकोत फरक पडला नाही, आणि फाइल बंद झाली. मेलबर्नच्या लेन्का व्होद्स्त्रचिल, कॅट्रिओना ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा उघडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे जिवाणू पुरुषाच्या मूत्रमार्गात तसेच शिश्नाच्या त्वचेवर राहतात, आणि त्वचेवरच्यांना पोटातली गोळी पुरत नाही. त्यांनी १६४ जोडपी घेतली. सगळ्या बायकांना नेहमीचे उपचार. निम्म्या पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडॅझोलची गोळी आणि शिवाय क्लिंडामायसिनचं मलम दिवसातून दोनदा. मार्च २०२५ मध्ये निकाल छापून आला. फक्त बाईवर उपचार झाले तिथे बारा आठवड्यांत ६३ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला. दोघांवर झाले तिथे ३५ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

दोन्ही औषधं जुनी, स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतात. त्या चाचणीतल्या बहुतेक पुरुषांची सुंता झालेली नव्हती, तेव्हा निकाल आपल्याकडच्या बहुसंख्य जोडप्यांनाही लागू पडायला हरकत नसावी. अडचण आहे ती वेगळीच. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात नवरा बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो. त्याला आत बोलवावं लागेल, 'तुम्हाला काहीही झालेलं नाही, तरी सात दिवस ही गोळी आणि हे मलम' असं सांगावं लागेल, आणि घरी गेल्यावर त्याने बायकोकडे संशयाने बघू नये इतक्या नीट शब्दांत सांगावं लागेल.